दारापुढचे आठ फूट

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने फाइल टेबलावर ठेवली आणि पहिल्या पानावरचा घराचा नंबर पाहून वकीलबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला. कित्येक वर्षं त्या या फाइलची वाट पाहत होत्या.

"घर फार आवडलंय हो आम्हाला," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. "मालक म्हणतात, कागद अगदी चोख आहेत. तुम्ही एकदा नजर टाका, म्हणजे सोमवारी बयाणा देऊन टाकतो."

बाईंनी फाइल उघडली. त्यातलं हक्कसोडपत्र त्यांना तोंडपाठ होतं. खाली त्यांचीच सही होती.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांचा नवरा गेला त्याला तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. घर दोघा भावांच्या नावावर. धाकट्या दिराने कागद पुढे केला आणि म्हणाला, "वाचायचं काय त्यात, वहिनी? घरचाच कागद आहे. कर भरायला एकाचं नाव लागतं, एवढंच." नोंदणी कचेरीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "वाचून, समजून सही केलीत ना?" आणि बाई "हो" म्हणाल्या. आठव्या दिवशी जावेने त्यांची ट्रंक फाटकाबाहेर ठेवली. वर भाजीची पिशवी अडकवली होती, म्हणजे निरोपाचा प्रसंग किती प्रेमाचा होता ते कळावं.

त्या दिवसापासून बाईंनी एकही कागद न वाचता सोडला नाही. दुधाचं बिलसुद्धा नाही. दिवसा लोकांचे कपडे शिवले आणि उरल्या वेळात कायद्याची पुस्तकं पालथी घातली. लोक म्हणायचे, काय ही जिद्द! जिद्द कसली डोंबलाची, राग होता. रागावलेला माणूस दोनदा नापास झाला तरी तिसऱ्यांदा परीक्षेला बसतो.

वकिलीची सनद मिळाल्यावर बाईंनी पहिली फाइल स्वतःचीच काढली. हक्कसोडपत्र पक्कं होतं, ते मोडायची मुदतही उलटून गेली होती. पण दिराचा कवडीचुंबकपणा बाईंच्या मदतीला धावला. वकिलाची फी वाचवायला त्याने ते कचेरीबाहेरच्या टायपिस्टाकडून करून घेतलं होतं आणि त्या बाबाने जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, जशाच्या तशा उतरवल्या होत्या. त्यात घर होतं, मागची न्हाणी होती, पण घरापुढचा आठ फुटांचा पट्टा नव्हता. मागच्या बोळातून घरात शिरायला त्रास होतो म्हणून तो पट्टा बाईंच्या नवऱ्याने नंतर शेजारच्या गोदामवाल्याकडून घेतला होता, एकट्याच्या नावावर. फाटक आणि पायऱ्या त्याच पट्ट्यावर होत्या. पुढे गोदामाची भिंत वाढली आणि मागचा बोळ बंद झाला. घर आता दिराचं होतं, पण घरात शिरायची वाट बाईंची होती.

बाईंनी पट्टा गुपचूप आपल्या नावावर चढवून घेतला, दरवर्षी त्याचा चिमूटभर कर भरला आणि तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हाच भांडल्या असत्या तर थोडंफार पदरात पडलं असतं. त्यांना थोडंफार नको होतं. दीर घर विकायला निघेल त्या दिवसाची त्या वाट पाहत होत्या, कारण विकणाऱ्याच्या पायाखाली निखारे असतात.

आणि आता तो दिवस खुर्चीत बसून चहा पीत होता. कागद चोख आहेत, एवढंच म्हटलं की झालं. ही दोघं पैसे मोजतील, बाई फाटकाला कुलूप लावतील मग ही दोघं दिरावर दावा लावतील आणि तो म्हातारा होईपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवील. विचार इतका गोड होता की बाईंनी तो मिनिटभर जिभेवर घोळवला. मग त्यांना दिसलं, चष्मेवाल्याच्या बायकोने फाइलवर दोन्ही हात ठेवले होते. एकेकाळी आपणही असाच विश्वास टाकला होता, हे त्यांना आठवलं.

"मी तुमची वकील होऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं नाव देते. पण एक सल्ला फुकट घ्या. बयाणा देऊ नका. घर त्यांचं असलं तरी दारापुढचे आठ फूट माझे आहेत."

चौथ्या दिवशी दीर आणि जाऊ बाईंच्या ऑफिसचा जिना चढून आले. मुलीच्या शहरात त्यांनी फ्लॅट ठरवला होता, त्याचे पैसे भरायची मुदत महिनाअखेर संपत होती. हे घर विकलं नाही तर तो फ्लॅट हातचा जाणार होता.

"वहिनी, सोळा वर्षं आम्ही तिथून ये-जा करतोय," दीर आवाज चढवून म्हणाला. "आता ती जागा आमचीच झाली!"

बाईंनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. चार वर्षांपूर्वी पाण्याचा पाइप टाकायला पट्टा खणायचा होता. त्यासाठी नगरपालिकेला मालकिणीची, म्हणजे बाईंची संमती लागली. बाईंनी ती दिली आणि त्याच कागदावर दिराची सही आणायला प्लंबरला पाठवलं. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की ही जागा वहिनींची आहे आणि मी ती त्यांच्या परवानगीने वापरतो.

"प्लंबर तुम्हाला म्हणाला होता, साहेब वाचून घ्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही फोन कानाला लावून गाडीच्या बॉनेटवर सही ठोकलीत."

दिराचा चेहरा उतरला. "किती हवेत?"

"पट्ट्याचा बाजारभाव. वर एक पैसाही नको. आणि विक्रीच्या कागदात, मालकी कुणाकडून कुणाकडे आली हे सांगतात ना, तिथे हा परिच्छेद हवा."

दिराने वाचलं. *थोरल्या भावाचा हिस्सा मी त्याच्या विधवा पत्नीकडून, कराचा कागद आहे असे खोटे सांगून व तिला वाचू न देता सही घेऊन मिळवला. तिने आज तो व्यवहार स्वखुशीने कायम केला आहे.*

"दुप्पट घ्या, वहिनी, पण हे काढा."

"घर जितक्या वेळा विकलं जाईल, भावजी, तितक्या वेळा नवा वकील मागचे कागद चाळणार. तुम्ही नसाल, मी नसेन. हा परिच्छेद असेल."

"उद्या जावयाने वाचलं तर?" जाऊ रडकुंडीला आली.

"वाचू दे की. वाचायची सवय चांगली."

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी सगळे नोंदणी कचेरीत जमले. चष्मेवाल्याचा नवा वकीलही होता. तेच टेबल होतं, अधिकारी तेवढा नवा होता. दीर पेन उचलून थेट शेवटच्या पानावर गेला.

"आधी वाचा, भावजी," बाई म्हणाल्या. "मोठ्याने. नाहीतर माझी सही मिळणार नाही."

"चष्मा घरी राहिला."

चष्मेवाल्याने निमूटपणे खिशातून एक डबी काढली. "दोनचा नंबर चालेल ना?"

दिराने चष्मा लावला आणि वाचलं. 'विधवा' या शब्दाशी तो अडखळला. मागे रांगेत उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, दाराबाहेरच्या टायपिस्टाचे हात थांबले. बाईंना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी त्याला तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला.

"वाचून, समजून सही करताय ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

याच टेबलाशी, याच प्रश्नाला, बाई एकदा खोटं बोलल्या होत्या. दिराला मात्र खरंच बोलावं लागलं.

"हो," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्यासमोरचा कागद ओढून घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग सही केली.