फोडलेली नळी

वाळवीवाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दाराची चौकट ठोकत ठोकत पुढे आला. भिंतीतल्या कपाटाशी आवाज बदलला. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा.

"ताई, इथे कुठे काही फवारलं होतंत?"

"चौकटीवर. झुरळांचं औषध."

"तरीच. वाळवी मेली नाही. बिऱ्हाड हलवलं तिने."

कपाट आईचं. तिला जाऊन चार महिने झाले होते आणि मी ते उघडलं नव्हतं. आत तिच्या अकरा वह्या होत्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून ती रोज दुपारी चार ओळी लिहायची. सावकाश वाचू, असं मी स्वतःला सांगत होते.

मी किल्ली आणायला वळले.

"उघडू नका. आत धक्का लागला तर इथून उठेल आणि वर तुळईत जाईल."

तुळईखाली बाबांचा पलंग होता.

मातीची एक बारीक नळी भिंतीवरून कपाटात शिरली होती. त्याने ती मधोमध बोटभर फोडली आणि तिथे विषारी आमिषाची डबी बसवली. "फोडलेली जागा तिने पुन्हा जोडली, तर ती जिवंत आहे आणि आमिष वारुळात नेतेय. मी येऊन फोडत जाईन. जोडायची थांबली की उघडू. महिना-दीड महिना धरा."

"आणि तोवर वह्या?"

तो हत्यारं पिशवीत भरत राहिला. "खाणारच ना, ताई."

संध्याकाळी पाहिलं, तर नळी जोडलेली होती. माती अजून ओली होती. फोनवर तो खूश झाला. "छान! खाऊ दे पोटभर."

बाराव्या दिवशी मला राहवलं नाही. मी किल्ली कुलपात घातली.

"चाळीस वर्षांत त्या कपाटाला हात लावायची माझी टाप झाली नाही," बाबा पलंगावरून म्हणाले. "तुझी झाली?"

"बाबा, वाळवी सगळं संपवतेय."

"मग उघड. तुळई पडली तर माझ्यावर पडेल, तुझं काय जातंय!"

ते हसत होते. मी वर पाहिलं आणि किल्ली काढून घेतली.

एकेचाळिसाव्या दिवशी नळी फुटकीच राहिली. त्यानंतर आणखी तीन दिवस. मग वाळवीवाल्यासमोर मी कपाट उघडलं.

वह्या ओळीने उभ्या होत्या, पुठ्ठे शाबूत. पहिली उचलली तर हातात नुसता पुठ्ठा आला, आतून माती सांडली. दुसरीही तशीच. दहाव्या वहीपर्यंत तेच. अकरावीची मधली काही पानं उरली होती.

"वाच ना," बाबा म्हणाले. "मला बोलणीच असतील. सवय आहे."

मी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं, कारण ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"'चौकटीला खाली माती दिसली. वाळवी असावी. ह्यांना सांगितलं. ह्यांचं नेहमीचं, बघू.'"

तारीख दोन वर्षांपूर्वीची होती.

वाळवीवाला डबी काढायला भिंतीकडे वळला. बाबा उठले. त्यांनी त्याचा स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि चौकटीपाशी खाली बसून मुठीने ठोकायला लागले. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. दर टीचभर अंतरावर ते थांबायचे.

"इथे भरीव आहे ना गं?"

"आहे," मी म्हणाले.

"आणि इथे?"