जाताना सांगून जा

दृष्टी गेलेल्या माणसांच्या त्या केंद्रात एकच नियम कडक होता. खोलीत पाऊल टाकलं की बोलायचं, "मी आले." निघताना बोलायचं, "मी निघते." केंद्र चालवणाऱ्या बाई स्वतः डोळस, पण नियमाला आधी त्या बांधलेल्या. त्या म्हणत, "भिंतीशी बोलायची पाळी कुणावर येऊ नये. अपमान असतो तो."

आणि बाई गेल्या त्या न सांगता.

त्या दुपारी आक्का त्यांच्यासमोर बसून बोलत होती. बोलणं संपवून तिने हात पुढे केला तर खुर्ची रिकामी. बाहेर धावपळ झाली, गाडी आली, आणि दिवेलागणीला निरोप आला की बाईंचं हृदय थांबलं.

आक्काचे डोळे लग्नानंतर दोन वर्षांतच गेले होते. सासर म्हणालं, आता हिला कोपऱ्यात बसवा. बाईंनी तिला कोपऱ्यातून उठवून वेताच्या खुर्च्या विणायला बसवलं. पुढे गावातली निम्मी माणसं तिने विणलेल्या खुर्च्यांवर बसली. बाईंची खुर्चीही तिनेच विणलेली.

गेलं वर्षभर बाई तिच्या मागे लागल्या होत्या. "माझ्यानंतर या खुर्चीत तू बस. नव्यांना तू शिकव."

"मी कसली शिकवते! आंधळ्याच्या गायी देव राखतो, बाई."

"देवाला पगार द्यावा लागत नाही म्हणून सगळं त्याच्या गळ्यात घालू नकोस."

मग त्या दुपारी आक्काने मन घट्ट केलं आणि खूप आढेवेढे घेत शेवटी म्हणाली, "बरं. बसेन मी." बोलत असताना समोरची खुर्ची हळूच कुरकुरत होती. बाई नेहमीसारख्या मान डोलवताहेत, असंच तिला वाटलं.

बाईंनी ते ऐकलं की नाही? हा एकच प्रश्न तिला झोपू देईना.

त्यानंतर त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. निघते म्हणाल्या नाहीत, म्हणजे आहेत. बाकीची माणसंही तिथून जाताना अंग चोरून जात. तिथली हवा भरलेली लागे, कुणी श्वास रोखून बसल्यासारखी. आक्का रोज सकाळी म्हणे, "बाई, मी आले," आणि उत्तर येण्याइतका वेळ थांबे.

संस्थेच्या लोकांनी मात्र सांगून टाकलं, की शिकवणारं कुणी नसेल तर खोलीला कुलूप लागेल.

अशात एक शिंपीण आली. नजर नुकतीच गेलेली, जीभ मात्र कात्रीसारखी. मुलगा तिला दारात सोडून कामावर गेला. केंद्रातले शिपाई मामा, चहा-पाण्यापासून दार उघडण्यापर्यंत सगळं तेच पाहत, त्यांनी तिला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. तीही आक्काच्याच हातची. आक्का शेजारच्या स्टुलावर बसली.

"शिकवणाऱ्या कुठे आहेत?" शिंपिणीने विचारलं.

"त्या... त्यांची खुर्ची ही समोर."

"म्हणजे बसल्यात? मग बोलत का नाहीत?"

"गेल्या. दोन महिने झाले."

"अगं बाई! मग रिकाम्या खुर्चीचा एवढा धाक? मी घरात भिंतींना भिते, तुम्ही इथे खुर्चीला भिता. छान जोडी जमली."

आक्का कसनुसं हसली. मग ती आंधळ्यांच्या सुईबद्दल सांगू लागली, जिच्या नेढ्यावर वरून दोरा दाबला की तो आपोआप ओवला जातो. बाईंनी तिला शिकवलं होतं तसंच, घाई न करता. शिंपीण गप्प होती. खुर्ची मधूनमधून बारीक टिकटिकत होती. ऐकतेय बिचारी, आक्काला वाटलं.

"द्या बरं हात," ती म्हणाली. हात आला नाही. तिने चाचपलं. बैठक रिकामी, अजून कोमट. आणि तिच्या बोटांखाली वेत टिक्, टिक् करत आपल्या जागी परतत होता.

आक्काने बोटं तिथेच ठेवली. जन्मभर वेत विणला, पण विणून झाली की खुर्ची गिऱ्हाइकाकडे जायची. माणूस उठल्यावर ती काय बोलते, हे ऐकायची वेळच कधी आली नव्हती. बसलेल्या माणसाखाली वेत दबून गप्प असतो. कुरकुरतो तो माणूस उठून गेल्यावर.

म्हणजे त्या दुपारी बाई आधीच उठल्या होत्या. म्हणजे तिचं "बसेन मी" फक्त वेताने ऐकलं.

"गेली का हो ती, मामा?" तिचा आवाज फाटला.

"मी इथे आहे," दारातून शिंपीण म्हणाली. "रडू आलं म्हणून उठले. सुई म्हटलं की येतं. पण ऐकत होते. थांबलात का? दोरा दाबायचा, मग?"

आक्का स्टुलावरून उठून दाराकडे वळली.

"मामा, त्या दिवशी बाईसुद्धा दारात होत्या का?"

कपात फिरणारा चमचा थांबला.

"होत्या," मामा म्हणाले. "एक हात छातीवर, एक चौकटीवर. मी हाक मारणार तर ओठांवर बोट ठेवलं. तुझं बोलणं तुटू नये म्हणून. मी म्हणत होतो चला, तर हलेनात."

"कुठपर्यंत थांबल्या?"

"तू 'बसेन' म्हणालीस तिथपर्यंत. मग माझा दंड धरला."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"बाईंनी नियम मोडला, हे कोणत्या तोंडाने सांगू, पोरी?"

मामा जन्मात कधी खोटं बोलले नव्हते. पण तिला बरं वाटावं म्हणून बोललेही असते. हे कळायला तिच्यापाशी त्यांचा चेहरा नव्हता. आवाज होता, आणि तो ओला होता.

ती खुर्चीपाशी गेली. "बाई, मी बसते," असं मोठ्याने म्हणाली आणि बसली. वेत दबला, गप्प झाला. "या हो शिंपीणबाई. तुम्हीही 'आले' म्हणून सांगा आधी, मग बसा."

"आले, आले. पहिल्याच दिवशी रागावतात वर."

संध्याकाळी सगळे सांगून सांगून गेले. मामा मागच्या मोरीत कपबशा विसळत होते. आक्का उठली. "मी निघते." पाठीमागे खुर्ची सुटी होत कुरकुरली. ती पूर्ण शांत होईपर्यंत आक्काने ऐकलं.

मग ती दाराशी आली, आणि चौकटीपाशी उभं असलेलं कुणीतरी तिला वाट द्यायला हलकेच बाजूला सरलं.