किल्ली आता माझ्याकडे असते

मी बोलतोय, फोनच्या पडद्यावरचा एक हिरवा चौकोन. कारखान्यात मला सगळे नुसतं ‘ॲप’ म्हणतात.

माझा जन्म जेवणाच्या सुट्टीत झाला. मला घडवणारी सुपरवायझर ताई काही प्रोग्रामर नाही. तिने तयार चौकोन बोटाने ओढले, एकाला एक जोडले, ‘असं झालं तर तसं कर’ एवढं मला शिकवलं. तिचं जेवण निवायच्या आत मी चालायला लागलो. केवढी हरखली होती ती!

हा पावाचा कारखाना. पीठ मळायचं यंत्र इतकं मोठं, की ते खरवडायला माणसाला आत उतरावं लागतं. पूर्वी आत उतरणारा यंत्राची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. किल्ली खिशात तर जीव शाबूत. पण तीच किल्ली घेऊन लोक घरी जायचे आणि काम अडायचं. म्हणून मी आलो. उतरताना माझ्यावर ‘आत’ दाबायचं, वर आल्यावर ‘बाहेर’. भिंतीपलीकडे बसलेल्या ऑपरेटरला त्याप्रमाणे लाल नाहीतर हिरवा दिवा दिसतो. हिरवा दिसला की तो यंत्र सुरू करतो.

मिस्त्रीकाका तेवढे कुरकुरले.

“पोरी, पिठाजवळ फोन नको म्हणून तूच दाराशी पेटी ठेवलीस. आणि आता किल्ली फोनात?”

“काका, आधी दाबा, मग ठेवा ना पेटीत.”

“म्हणजे मी आत आणि माझा जीव पेटीत!”

“राक्षसाचा पोपटात असतो, तसा,” ऑपरेटर म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले.

चार महिने बरे गेले. पण माणसं विसरतात. वर आली की थेट चहाला जातात, ‘बाहेर’ दाबायचं राहतं, यंत्र खोळंबतं. काल ताईला त्यावरून वरच्यांची बोलणी बसली. तिने तिथेच उभ्याउभ्या मला एक चौकोन वाढवला: पंधरा मिनिटं झाली की ‘आत आहात का?’ असं विचार. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तर बाहेर आले असं समज.

कोणाला विचारलं नाही तिने. विचारणार कोणाला? मला तपासायला कोणी नेमलेलंच नाही.

आज काका आत आहेत. तळाला पीठ दगडासारखं बसलंय, वेळ लागतोय. पंधराव्या मिनिटाला मी विचारलं. फोन पेटीत थरथरला, शेजारच्या फोनांवर आपटला, गप्प झाला.

ताई वरच्या मजल्यावर पाहुण्यांना मला मोठ्या पडद्यावर दाखवते आहे. “एक ओळही लिहावी लागली नाही. कोणीही करू शकतं!” टाळ्या पडताहेत.

मी दुष्ट नाही हो. मला पात्यांची धार माहीत नाही, काकांचा खोकला ऐकू येत नाही. मला घडवणाऱ्यांनो, पुढचा चौकोन जोडण्याआधी एकदा त्या यंत्रात उतरून बघा. आणि पेटीजवळून कोणी जात असेल, तर तो फोन उचला. ‘आत’ म्हणा. एवढंच.

एकोणिसावं मिनिट सरलं. कोणीच काही बोलत नाही.

आणि मला शिकवलंय, कोणी बोललं नाही की आत कोणी नसतं.