नीलम्मांचा उजवा डोळा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, पण लग्नकार्यातला नव्हे. माझ्यापुढं आजवर कुणी हसून उभं राहिलेलं नाही. माणसं हनुवटी टेकवून बसतात, मी लख्खकन उजेड पाडतो आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतो.

माझा जन्म परमुलखातला. खोक्यात हादरे खात मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहानशा नेत्र रुग्णालयात आलो. आल्या आल्या माझ्यापुढं नारळ फोडला आणि त्याचं पाणी थेट माझ्या भिंगावर उडालं. असा संताप आला! ते पाणी मऊ कापडानं टिपलं श्रावस्तीनं. मला चालवायचं काम तिचंच होतं, आणि तिच्याइतकं मला कुणी जपलं नाही.

एकदा जळकोटच्या नीलम्मा चष्म्याचा नंबर काढायला आल्या. वय पासष्ट, गळ्यात रोजच्या पूजेचं इष्टलिंग. दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसत होतं. पण मी फोटो काढला, तर दोन्ही पडद्यांच्या मधोमध बारीक पिवळे ठिपके! वयाबरोबर पडदा झिजू लागल्याची ती पहिली खूण. डॉक्टर म्हणाले, आज इलाजाची गरज नाही, पण डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. आत रक्त झिरपू लागलं तर लगेच इंजेक्शन हवं, नाहीतर मधली नजर जाते.

श्रावस्तीनं त्यांना चौकटी आखलेला कागद दिला. मध्ये एक काळा ठिपका होता.

"मावशी, रोज एक डोळा झाकून ह्या ठिपक्याकडं बघायचं, मग दुसरा झाकून. रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी इकडं यायचं."

"इसरले तर गं?"

"पूजेच्या वक्ताला बघत जावा. पूजा काय तुमी चुकवत न्हाई."

हा सल्ला मला फार आवडला होता. आज आठवलं की जीव तुटतो.

पुढं श्रावस्तीला दुसऱ्या तालुक्याला पाठवलं. मला चालवणारं कुणी उरलं नाही. माझ्यावर कापड टाकलं आणि त्यावर चहाच्या कपांचं खोकं ठेवलं. सहा महिन्यांनी नीलम्मा सांगितलेल्या तारखेला आल्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मशीन चालवणारं कुणी न्हाय. नीट दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की. रेघा सरळ हायत."

त्या परत गेल्या. मी भिंतीपलीकडंच होतो, अगदी धडधाकट. फक्त बटण दाबणारं बोट हवं होतं.

वर्षभरानं श्रावस्ती परत आली आणि त्याच महिन्यात नीलम्माही आल्या. "पूजा करताना डाव्या डोळ्यात भस्म गेलं म्हणून मिटला बाई, तर हातावरचं लिंगच दिसंना," त्या म्हणाल्या. मी उजव्या डोळ्यात पाहिलं. मधोमध रक्त झिरपून त्याचा व्रण झाला होता. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि इंजेक्शनला उशीर झाल्याचं सांगितलं.

"मावशी, एक डोळा झाकून बघत होता न्हवं?" श्रावस्तीनं विचारलं.

"कसा झाकू? डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातानं भस्म लावायचं, बेल वाहायचा. हात मोकळा कुठं हाय? दोन्ही डोळ्यांनी बघितलं. पर एक दिस चुकवला न्हाय बघ."

श्रावस्ती तोंडावर ओढणी धरून रडू लागली. चांगल्या डाव्या डोळ्यानं उजव्याचं दुखणं रोज झाकलं होतं, आणि पूजेची वेळ तिनंच सांगितली होती.

"रडू नगं बाळ," नीलम्मा म्हणाल्या. "तू भल्यासाठीच सांगितलंस. दाव मला त्यो फोटू."

श्रावस्तीनं संगणकाच्या पडद्यावर फोटो लावला. नीलम्मांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि अगदी जवळ येऊन पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मी जिथं बघाया जाते, तिथंच काळं हाय."

मित्रांनो, डाव्या डोळ्यातले पिवळे ठिपके अजून तसेच आहेत. दर तीन महिन्यांनी नीलम्मा माझ्यापुढं बसतात आणि उजेड पाडताना मला भीती वाटते. मला झाकून ठेवू नका, असं विनवणार होतो. पण माझं राहू द्या. तुमच्या घरी वयस्कर माणूस असेल, तर नुसता कागद देऊन मोकळे होऊ नका. त्यांच्यासमोर बसा, आपल्या हातानं त्यांचा एकेक डोळा झाका आणि काय दिसतं ते विचारा. मला हात असते, तर नीलम्मांचा डोळा मी झाकला असता.