पोटरीतलं भात

मोरेश्वररावांनी आयुष्यात भाताचं बी कुणाला दिलं नव्हतं. श्रीवर्धनकडे त्यांच्या लाल भाताचं नाव होतं, लोक मागायला येत. उत्तर ठरलेलं असे: तांदूळ हवा तेवढा न्या, बी घराबाहेर जात नाही. असा हा गृहस्थ फेब्रुवारीत लेकीकडे परदेशात, टिलबर्गला आला, तो मागच्या दसऱ्याला घराच्या दारावर बांधलेली लोंब्यांची जुडी घेऊन. शिवांगीनं नवं घर घेतलं होतं, त्याच्या दारासाठी.

मार्चात साथीमुळे विमानं बंद झाली. मेपर्यंत त्यांनी दम धरला, मग हात शिवशिवायला लागले. दारावरची जुडी उतरवून त्यांनी दाणे झाडले, बाल्कनीत तीन टबांत चिखल केला आणि सगळे पेरून मोकळे झाले. निव्वळ वेळ जावा म्हणून.

जूनमध्ये तिकडे वादळ झालं. धाकट्या भावाचा, चंद्रहासचा फोन आला. छप्पर उडालं होतं, बियाण्याची कणगी भिजून कुजली होती. मोरेश्वरराव फोन ठेवून तडक बाल्कनीत गेले. त्या वाणाचं जगात जे काही उरलं होतं, ते या तीन टबांत होतं.

भात झोकात वाढलं. ऑगस्टअखेर पोटरीत आलं, म्हणजे लोंबी तयार, पण अजून ताटाच्या पोटात. आणि नेमक्या तेव्हाच रात्री गार झाल्या.

शिवांगी थंड मालाच्या गोदामाचं काम बघायची. तिच्या खणात तापमान नोंदवणारं एक यंत्र पडून होतं. तिनं ते रात्रभर टबात ठेवलं.

“बाबा, पहाटे हवा नऊ अंश होती आणि तुमचं पाणी बारा. या स्टेजला एवढी थंडी लागली तर पराग मरतो. लोंबी येईल, पण पोचट.”

“पाणी मी रोज संध्याकाळी बदलतो. साठलं की डास होतात.”

“अहो, इथल्या नळाचं पाणी किती गार असतं! तुम्ही रोज त्याला फ्रिजमध्ये ठेवताय. मी वाचलंय, जपानच्या उत्तरेला या दिवसांत वीतभर पाणी चढवतात. दिवसा तापलेलं पाणी रात्री आतल्या लोंबीला ऊब देतं.”

“वीतभर? अगो, बुडवतेस की काय! चाळीस वर्षं भात लावतोय मी.”

“टिलबर्गमध्ये नाही लावलंत.”

मोरेश्वरराव चिडले. खरं तर घाबरले होते. टब आत आणावेत म्हटलं तर चिखलासकट उचलणं दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. शेवटी कोपऱ्यातला एक टब त्यांनी लेकीच्या हवाली केला. बुडालं तर एकच बुडेल, असा हिशेब. तिनं तो काठोकाठ भरला आणि पुन्हा नळाला हात लावला नाही. यंत्र पहाटे सतरा दाखवू लागलं. मोरेश्वररावांनी ते बघूनही बघितलं नाही.

सप्टेंबरात ऊन परत आलं, तिन्ही टब निसवले, लोंब्या बाहेर आल्या. महिनाअखेर त्यांनी आपल्या टबातला दाणा नखात धरून दाबला. आत काही नव्हतं. दुसरा दाबला, दहावा दाबला. दोन्ही टब पोचट निघाले. मग ते कोपऱ्याकडे वळले. तिथला पहिलाच दाणा दाबला आणि नखावर दूध आलं. ते तिथंच स्टुलावर बसले आणि त्यांना रडू आलं.

दसऱ्यापर्यंत दाणे पिकले. पुढच्या आठवड्यातल्या विमानात त्यांना जागाही मिळाली.

“सगळं घेऊन जा बाबा,” शिवांगी म्हणाली. “माझ्या दाराला पोचट लोंबी बांधली तरी चालेल.”

“पोचट बांधतात होय दाराला!” त्यांनी भरलेली लोंबी निवडून बांधली. मग उरलेल्या दाण्यांचे टेबलावर दोन ढीग केले आणि एक तिच्याकडे सरकवला.

“बी घराबाहेर जात नाही ना?”

“मग कुठे जातंय?” मोरेश्वरराव म्हणाले. “मे महिन्यात पेर. आणि मला फोन करून विचारत बसू नकोस. इथलं भात तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

तिनं डबी आणली आणि दाणे न मोजता भरून ठेवले.