पूजेतला फिलर

दसऱ्याच्या दुपारी मेघा डबा घेऊन पवनीला बाबूलालच्या गॅरेजवर पोचली, तेव्हा इंजिनात तीन पिस्टन बसले होते आणि चौथा तिच्या नवऱ्याच्या, योगेंद्रच्या हातात होता. नदीपलीकडच्या गावातली पोरं पवनीच्या शाळेत नेणारी जीप योगेंद्रची. त्यांची पाच वर्षांची जुईही त्याच जीपमध्ये, बापाच्या बाजूला बसून शाळेत जाते.

"बरी आली," योगेंद्र म्हणाला. "घंटाभरात इंजिनावर हेड चढवतो, मंग गाडी सुरू. बाबाचे दोन फोन येऊन गेले."

बाबा म्हणजे सासरे, वासुदेवराव. दसऱ्याची वाहनपूजा चुकवायची नाही, आणि गाडी दोरीनं ओढून नव्हे, सुरू होऊन दारात आली पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता.

मेघानं डबा ठेवला आणि सवयीप्रमाणे सगळीकडे नजर फिरवली. कोपऱ्यात पाटावर हत्यारं मांडली होती. हळद-कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. त्यात हातोडी होती, बारीक कानस होती आणि पात्यांचा तो छोटा जुडगाही होता, ज्याला गॅरेजवाले फिलर म्हणतात. फट मोजायची तर त्याच पात्यांनी.

"बाबूलालभाऊ, पूजा कव्हा केली?"

"सकाळीच. आंघोळ करून."

"अन् हे पिस्टन?"

"पूजेनंतर."

"मंग रिंगांचा गॅप कशानं मोजला?"

बाबूलालनं अंगठ्याचं नख वर केलं. "हा काय. वीस वर्षांचा हात हाय, वहिनी."

मेघाची कानशिलं तापली.

कारण रिंगांचं तिला शिकवणारा हाच बाबूलाल. रिंग म्हणजे पिस्टनवर चढवलेलं कडं, एका जागी तुटलेलं. तापलं की ते वाढतं, म्हणून टोकांत फट ठेवायची, कमी असेल तर कानस मारून वाढवायची. या जीपसारख्या टर्बोच्या इंजिनात आग जास्त, तर फटही जास्त. ती कमी पडली की टोकं एकमेकांना भिडतात, कडं सिलिंडरला आवळतं आणि इंजिन जाम होतं. हे सगळं तिला बाबूलालनंच शिकवलं होतं. मागच्या आठवड्यात हेच इंजिन खोलल्यावर तुमसरच्या एका मिस्त्रीनं बसवलेल्या जुन्या रिंगा काढून, त्यांची घासून आरशासारखी झालेली टोकं दाखवत त्या मिस्त्रीच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. "असा माणूस पोरायच्या जिवावर उठते," हे त्याचेच शब्द.

आणि ते जाम होणं तिनं पाहिलं होतं. श्रावणात, वैनगंगेच्या पुलावर. त्या दिवशी ती जीपमध्ये होती. मागची चाकं एकाएकी धरली, धूर आत आला आणि मागून तांदळाचा ट्रक हॉर्न दाबून आला. थांबला तेव्हा त्याचं नाक मागच्या दाराला टेकायचंच बाकी होतं. तिनं एकेका पोराला कठड्याला चिकटवून उभं केलं होतं. थंड झाल्यावर इंजिन पुन्हा फिरलं, पण तेव्हापासून जीप वळणावर दिसेपर्यंत ती दारातून हलत नव्हती.

"टर्बोले जास्त फट लागते, हे तुमाले माहीत नाही?"

"माहीत हाय ना. कंपनी डब्यातूनच बराबर पाठवते. थोडंबहुत इकडंतिकडं. आता पूजेतलं हत्यार आज उचलता येते काय? तुमीच सांगा, तुमी त शिकलेल्या."

"अन् पाना फिरवून राहिले तो?"

"तो बाहेर ठेवला होता. काम होतं म्हून."

"म्हणजे देवाले पान्याचं चालते, फिलरचं चालत नाही?"

योगेंद्र मधेच म्हणाला, "मेघा, सणाच्या दिवशी कायले भांडून राहिली? पुढच्या महिन्यात पुन्हा खोलून पाहू."

ती त्याच्याकडे वळली. बाबूलालपेक्षा याच माणसाची तिला जास्त चीड आली. "पुढच्या महिन्यात? तोवर जीपमध्ये पोरगी कोणाच्या बाजूला बसन, माझ्या काय?"

त्यानं हातातला पिस्टन फडक्यानं पुसायला घेतला.

मेघानं चप्पल काढली, पाटाकडे गेली, हात जोडले आणि फिलर उचलला. बाबूलाल "वहिनी, वहिनी" म्हणत उठला, पण बाईमाणसाचा हात धरणार कसा? पात्यांवरचं कुंकू तिनं पदरानं पुसलं. बाजूला पडलेली चौथ्या पिस्टनची रिंग रिकाम्या सिलिंडरात ठेवली आणि नवऱ्यापुढे हात केला.

"द्या तो पिस्टन."

त्यानं दिला. पिस्टन उलटा करून तिनं रिंग सरळ आत ढकलली, बाबूलालनं दाखवली होती तशीच, आणि टर्बोच्या मापाची पाती फटीत घातली. गेली नाही. त्याहून पातळ घेतली. तीही नाही. तिसरी कशीबशी शिरली, तीही अडकत.

"पाहा," ती म्हणाली. "तुमचं नख."

बाबूलालनं स्वतः पाती घालून पाहिली. दोनदा. मग डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटली.

"ही एक तंग निघाली म्हून बाकीच्या..."

"बाकीच्या काढा. तिन्ही."

"आज गाडी होत नाही मंग."

"नको होऊ द्या."

योगेंद्रचा फोन वाजला. स्क्रीनवर बाबा. तो फोन हातात धरून तिच्याकडे बघू लागला. "काय सांगू? हार, नारळ, समदं घेऊन बसले."

मेघानं फोन घेतला. "बाबा, गाडी आज येत नाही. रिंगा चुकीच्या बसल्या. नाही, पूजेचं हत्यार मीच उचललं. पाप लागलं तं मले लागन. जुईले त्या गाडीत तुमी बसवता की मी, ते घरी आल्यावर बोलू."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

बाबूलाल इंजिनाखाली सरकला होता. पहिल्या पिस्टनचे बोल्ट ढिले झाल्याचा आवाज आला. मग त्यानं नुसता हात बाहेर काढला. "भाऊ, कानस द्या."

योगेंद्र पाटाकडे पाहत घुटमळला.

"द्या ना," मेघा म्हणाली, "की तेही मीच करू?"

त्यानं कानस उचलली.