सामाईक भिंत

इंदुरात नभोवाणी केंद्र नुकतेच सुरू झाले होते आणि यशोधरेला तेथे गिटारवादनाची चाचणी द्यावयाची होती. जुन्या इंदुरातील वेदपाठशाळेत अध्यापन करणारे तिचे वडील चिंतामणशास्त्री यांची अट एकच : "तुटक वाजणार असेल, तर मी तुला नेणार नाही." चाचणी आज दुपारी होती, आणि वादन अद्याप तुटकच होते.

शास्त्रीबुवा रागावले नव्हते. त्यांना नवल वाटत होते. भूप राग तर पाचच स्वरांचा. मग हात दांडीवर सरकताच धागा का तुटावा? अखेर पोथी मिटून ते लेकीसमोर येऊन बसले.

"बाबा, महूच्या मास्तरांनी पाच घरं शिकवली," यशोधरा म्हणाली. "तेच पाच स्वर दांडीवर पाच जागी मांडलेले. एकेक घर पक्कं आहे हो, पण एकातून दुसऱ्यात जाताना गडबड होऊन जाते."

"या तारेवर पहिल्या घरात काय आहे?" एका तारेकडे बोट दाखवून शास्त्रीबुवांनी विचारले.

"सा आणि रे. सा तर्जनीखाली, रे अनामिकेखाली."

"आणि दुसऱ्या घरात?"

"रे आणि ग…" ती थबकली. "अरे! रे तर तोच आहे. फक्त तर्जनीखाली आला!"

"म्हणजे भिंत सामाईक आहे."

"मग भांडणंही असणारच!" स्वयंपाकघरातून यशोधरेच्या आई इंदिराबाईंनी टोला हाणला.

शास्त्रीबुवांचे तिकडे लक्ष नव्हते. "आमच्या क्रमपाठात दोन पदे म्हणायची, मग दुसरे पुन्हा उच्चारून तिसऱ्याशी जोडायचे. सा-रे, रे-ग, ग-प. हातचे सोडण्याआधी पुढचे धरलेले असते."

"म्हणजे रे दोनदा? आधी अनामिकेने, मग तर्जनीने?"

"बोटांचे मला काय कळते? करून तर पाहा."

तिने केले. आरंभी स्वर अडखळत दोनदा उमटले. मग हळूहळू पुनरुक्ती विरली आणि भूप खालून वर एका श्वासात चढत गेला. शिष्याची चूक टिपणारे कान लावून शास्त्रीबुवा सांधा शोधीत होते. तो सापडेना.

"आता कितव्या घरात आहेस?"

"मध्येच विचारू नका ना बाबा, सब सुटून जाईल!"

ते उठले, पगडी घातली, उपरणे घेतले आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी टांगा थांबवला.

"रेडिओ स्टेशन जाना है," ते टांगेवाल्याला म्हणाले. "और भिया, जरा संभालके. साथ में गिटार है."